मोक्षपट आणि पडद्यावरील खेळ

इस्लामपूर (२०२५ साली ज्याचे ईश्वरपूर असे नामांतर झाले) येथे बुवाफन व संभूआप्पा यांच्या नावे उरूस भरतो व त्यास हिंदू-मुसलमान दोघेही येतात. त्या गर्दीत एका कोपऱ्यात मोबाईलवरील खेळात गढून गेलेली मुले पाहून आमचे एक वृद्ध स्नेही उद्गारले, 'खेळाचा आणि देवधर्माचा संबंध काय?' आम्हांस हा प्रश्न खटकला. कारण आपल्या देशात तो संबंध फार जुना आहे.

सापशिडी इंग्रजांची, असा पुष्कळ सुशिक्षितांचाही समज असतो. वस्तुतः ती आपली ज्ञानचौपड. महाराष्ट्रात तीस मोक्षपट म्हणत. परंपरा तिचे जनकत्व ज्ञानेश्वरमहाराजांस देते. तथापि साल नोंदलेले जे जुने पट हाती आहेत ते अठराव्या शतकातील असल्याने, ही गोष्ट श्रद्धेच्याच खाती मांडलेली बरी. वैष्णवांचा पट बहुधा ७२ घरांचा, जैनांचा ८४ घरांचा, आणि सुफींचाही एक, १०० घरांचा! उरुसास जमणाऱ्या दोन्ही समाजांच्या पूर्वजांस ही युक्ती सारखीच पटली होती.

या पटाची खरी थोरवी चित्रांत नसून नियमांत आहे. ७२ घरांच्या एका प्रचलित पटावर ५४ वे घर भक्तीचे. तेथील शिडी थेट ६८ व्या घरी, वैकुंठास जाते. पण लगतचेच ५५ वे घर अहंकाराचे, आणि तेथे साप! भक्तीच्या शेजारी अहंकार बसविणारा तो अज्ञात रचनाकार माणसाचे मन चांगले ओळखून असला पाहिजे. वैकुंठ ओलांडून जो पुढे जाईल त्यास ७२ व्या घरी तमोगुणाचा साप गाठतो व तो पुन्हा पृथ्वीवर येतो. कीर्तनात हे नुसते ऐकावयाचे. येथे ते स्वतः भोगावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ विलायतेस गेला. तेथे प्रथम त्यांच्या नीतीची नावे घरांस मिळाली, पुढे तीही गळाली. साप तेवढे उरले.

आता पडद्यावरील खेळांकडे पाहू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. असुरांनी पळविलेल्या भावास शोधणारी एक मुलगी ही त्याची नायिका. दुर्गा व विष्णू हे कथेचे निवेदक. भिंतींवरील पुराणकथांची चित्रे तर पाहतच राहावीत अशी! परंतु देवांनी शस्त्रे द्यावीत व मुलीने लढावे, याहून निराळे काही नियम खेळणाऱ्याकडून मागत नाहीत. श्रद्धा भिंतीवर राहिली, पटात उतरली नाही, असे आम्हांस वाटते.

याउलट 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' हा २०१६ चा अमेरिकन खेळ घ्या. कर्करोगाने दगावलेल्या आपल्या बाळाविषयी एका ख्रिस्ती दांपत्याने तो रचला. त्यातील एका प्रसंगी रुग्णालयाच्या खोलीत मूल रडत असते; खेळणाऱ्याने काहीही केले तरी ते थांबत नाही, आणि अखेर बापापाशी प्रार्थना तेवढी उरते. जिंकण्याची सवय जडलेल्या हातांना येथे काहीच करता येत नाही. मोक्षपटाचे हेच खरे आप्त.

परवा आम्ही घरच्या छापील सापशिडीवर पेन्सिलीने नावे लिहावयास बसलो. सर्वांत लांब सापाचे नाव काय, असे नातवाने विचारले. अहंकार, आम्ही म्हणालो. त्याने बोटाने तो साप शेपटीपर्यंत मापला आणि फासा आमच्या हाती देऊन म्हणाला, 'आजोबा, आधी तुम्ही.'