इत्रीफल आणि अम्मीचा डबा

माझी अम्मी सोलापुरात विड्या वळत असे. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने व तंबाखू आणि हाताच्या अंतरावर स्टोव्ह. आम्हा भावंडांपैकी कुणाला खोकला झाला की त्या स्टोव्हवर ज्येष्ठमध, बनफ्शा आणि उन्नाबची चार फळे घातलेले पातेले चढायचे. पाणी आटून निम्मे होईपर्यंत अम्मीच्या आणखी काही विड्या वळून व्हायच्या. दवाखान्यात जायचे म्हणजे अर्धा दिवस मोडायचा, तेवढी मजुरी बुडायची. जोशांदा मात्र आपला आपण उकळत राहायचा. घरगुती औषधांच्या गुणांविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण ती घराघरांत का टिकली, याचे हे साधे कारण सहसा कुणी लिहीत नाही. ज्या बाईजवळ वेळ नाही आणि पैसाही नाही, तिला परवडणारे हे औषध होते.

अम्मीकडे त्यासाठी एक पत्र्याचा डबा होता. शेजारच्या काकूंकडे कापडी बटवा होता. डबा आणि बटवा शेजारी शेजारी उघडले असते, तर निम्म्याहून अधिक वस्तू सारख्याच निघाल्या असत्या. नावे तेवढी वेगळी. काकूंकडे त्रिफळा चूर्ण, अम्मीकडे बरणीत इत्रीफल. हिरडा, बेहडा आणि आवळा यांची पूड बदामतेलात मळून मधात कालवली की इत्रीफल तयार होते. लहानपणी मला वाटे, त्रिफळा ‘त्यांचा’ आणि इत्रीफल ‘आपले’. पुढे वाचनात आले, की इत्रीफल हा शब्द त्रिफळाचाच अरबी अवतार आहे!

हा शब्द बगदादला कसा पोहोचला, त्याचा इतिहास आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. आठव्या शतकाच्या अखेरीस अब्बासी खलिफांचे वजीर असलेल्या बरमकी घराण्याने हिंदुस्थानातून वैद्य बोलावले आणि संस्कृत वैद्यकग्रंथांची भाषांतरे करवून घेतली. या घराण्याचे पूर्वज बल्ख येथील बौद्ध विहाराचे प्रमुख होते. अली इब्न रब्बन अत्-तबरी याने 850 च्या सुमारास ‘फिरदौस-उल-हिकमत’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्यात चरक आणि सुश्रुत यांच्या वैद्यकाला त्याने स्वतंत्र भाग दिला. त्याच शतकात ग्रीक डायोस्कोरिडीसचा वनस्पतिग्रंथ बगदादेत अरबीत आला. इब्न सीनाच्या (980–1037) ‘अल-कानून’ या ग्रंथाचा दुसरा भाग एकेरी औषधांचा, तर पाचवा मिश्र औषधांचा आहे. ज्याला आपण ‘युनानी’ म्हणतो ते वैद्यक असे अनेक ओढ्यांचे पाणी घेऊन वाहत आले. ते हिंदुस्थानात आले तेव्हा त्रिफळा आपल्याच माहेरी परतला, फक्त नाव बदलून.

मराठी भाषेनेही हे पाणी पोटभर घेतले. ‘गुलकंद’, ‘अर्क’, ‘मलम’, ‘हकीम’ हे शब्द आपण रोज वापरतो. ‘इसबगोल’ म्हणजे फारसीत घोड्याचा कान. बियांच्या आकारावरून ते नाव पडले. आणि ‘जुलाब’? तो मुळात ‘गुलाब’, म्हणजे गुलाबपाणी. अरबीत जाऊन त्याचा ‘जुलाब’ झाला आणि पुढे तो शब्द रेचकाला चिकटला.

दख्खनमध्ये ही देवाणघेवाण दरबारापर्यंत पोहोचली होती. बालपणी अहमदनगरला आलेला आणि 1589 मध्ये विजापूरला गेलेला फरिश्ता आपल्याला इतिहासकार म्हणून ठाऊक आहे. त्याने भारतीय वैद्यकावर फारसीत ग्रंथ लिहिला, हे कमी जणांना माहीत असते. त्याच्या आधी गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करीत असे. 1563 मध्ये गोव्यात छापलेला त्याचा औषधींवरील ग्रंथ संवादरूपात आहे. पटकीविषयी लिहिताना त्याने अरबांचा ‘हैजा’ आणि इथल्या लोकांची ‘मोडशी’ हे दोन्ही शब्द नोंदवले आहेत. याच ग्रंथात अंतोनिया नावाची एक दासी आहे. मालक हाक मारतो आणि ती वनस्पती आणून समोर ठेवते. चर्चा पुरुष करतात, नाव पुरुषांचे होते. झाडपाला आणून देणारा हात मात्र बाईचा.

आपल्या वैद्यकाच्या इतिहासात बाईची जागा बहुतेक वेळा अंतोनियाचीच राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवी यांच्या ‘बिहिश्ती जेवर’चा नववा भाग घरगुती उपचारांसाठी राखला गेला आणि ते पुस्तक असंख्य मुलींच्या रुखवतात गेले. म्हणजे घरातली पहिली हकीम बाईच आहे, हे मान्य होते. पण तिने शिकून स्वतः तपासावे, विचारावे, हा हक्क त्यात फारसा नव्हता. त्या दृष्टीने हकीम अजमल खान (1868–1927) यांचे पाऊल मोठे होते. 1909 मध्ये त्यांनी दिल्लीत स्त्रियांसाठी तिब्बी मदरसा सुरू केला आणि सुइणींना शास्त्रशुद्ध शिक्षण देण्याचा प्रयत्न केला. जुन्या औषधांची तपासणी आधुनिक रसायनशास्त्राने व्हावी, असाही त्यांचा आग्रह होता. त्यांच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी 1931 मध्ये सर्पगंधेतून एक द्रव्य वेगळे केले आणि त्याला ‘अजमलीन’ हे नाव दिले. परंपरेवर प्रेम करावे ते असे.

आता जे लिहायचे ते थोडे अवघड आहे.

1964 च्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण नऊ महिन्यांची होती. तिला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. नानीने डबा उघडला. सहाणेवर मुरडशेंग आणि जायफळ उगाळून चाटवले. आणि पाणी बंद केले. ‘पानी दिया तो और चलेगा,’ असे ती म्हणाली. नानी अडाणी होती म्हणून नव्हे. पोटाला विश्रांती द्यावी असे त्या काळी शिकलेले डॉक्टरही सांगत. तिसऱ्या दिवशी पहाटे बहीण गेली. नानीने त्यानंतर त्या सहाणेला हात लावला नाही. अम्मीने लावला, कारण पाठीमागे आम्ही होतो.

तिला वाचवू शकले असते ते औषध घरातच होते: मीठ, साखर आणि पाणी. साखर व मीठ बरोबर असले की आजारी आतडेही पाणी शोषून घेते, हे शास्त्रज्ञांना 1960 च्या दशकात उमगले. 1971 मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी आयांच्या आणि नातेवाइकांच्या हातात दिले. सुमारे 30 टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण 4 टक्क्यांच्याही खाली आले. पुढे 1980 च्या दशकात बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी, असे त्यांनी एक कोटीहून अधिक घरांतल्या बायकांना स्वतःच्या हातांनी करायला शिकवले. गेल्या शतकात सर्वाधिक मुले वाचवणाऱ्या औषधांपैकी हे एक. आणि ते आईच्याच चिमटीने मोजले गेले!

म्हणून डबा फेकून द्यावा, असे मी म्हणत नाही. डबा पवित्र आहे, असेही म्हणत नाही. माझी सून नोकरी करते. सकाळी सातला घर सोडते. तिने मागच्या वर्षी विचारले, ‘अम्मी, यातले काय ठेवू?’ आम्ही दोघींनी बसून डबा निवडला. सर्दीसाठी आले आणि गवती चहा ठेवला. इसबगोल ठेवले, पण भरपूर पाण्याबरोबरच घ्यायचे असे वर लिहून. ज्येष्ठमध ठेवले, रक्तदाब असलेल्यांना आणि गरोदर बाईला मात्र नको. सुरम्याची डबी काढून टाकली, कारण त्यात शिसे असू शकते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, हे मला जड गेले. आमच्या घरात बाळाच्या ओठाला पहिला मध लावण्याचा रिवाज होता. पण मधातले जिवाणू तान्ह्या आतड्यात विष तयार करू शकतात, हे कळल्यावर रिवाज राखण्यात काय अर्थ? त्याऐवजी खजूर मऊ करून टाळूला किंचित लावता येतो, आणि तोही डॉक्टरांना विचारून.

बगदादच्या विद्वानांनी हिंदूंचे, ग्रीकांचे, इराण्यांचे ज्ञान घेताना ते कुणाचे हे विचारले नाही; ते खरे आहे का, हे विचारले. आपल्याला मिळालेला वारसा हा आहे.

डब्यात सगळ्यात वर आता एक कागद आहे. सुनेने मराठीत लिहिला आहे: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बाळाने मागितले नाही तरी थोडे थोडे पाजत राहायचे, अंगावरचे दूध चालू ठेवायचे आणि बाळ मलूल दिसले तर लगेच दवाखाना. कागदाच्या मागे मी माझ्या बहिणीचे नाव लिहून ठेवले आहे.