व्हिडिओ गेममधील नियमांचे स्पष्टीकरण

खेळाचे उद्दिष्ट, बटणांचा वापर आणि हार-जितीच्या अटी खेळाडूला कळविण्याच्या पद्धतीस व्हिडिओ गेममधील नियमांचे स्पष्टीकरण म्हणतात. त्यासाठी छापील पुस्तिका, पडद्यावरील सूचना किंवा सरावाची पातळी वापरली जाते. बैठ्या खेळात नियम ठाऊक नसतील तर डाव सुरूच होत नाही. व्हिडिओ गेममध्ये नियमांची अंमलबजावणी यंत्र करते, त्यामुळे ते न जाणताही खेळता येते. किती सांगावे आणि किती शोधू द्यावे, हा वाद त्यातूनच उद्भवतो.

पूर्वपीठिका

अटारी कंपनीच्या पाँग (१९७२) या खेळाच्या यंत्रावर मोजक्याच सूचना होत्या. निन्टेन्डोच्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये (१९८५) आरंभी पडद्यावर एकही सूचना येत नाही. समोरून चालत येणारा पहिला शत्रूच उडी मारावयास शिकवितो. न सांगता शिकविण्याचे हे उदाहरण आजही दिले जाते.

मुंबईतील अनुभव

गिरगावलगतचा लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. १९९० च्या दशकात निन्टेन्डोच्या संचाच्या नकला भारतीय घरांत पोहोचल्या. त्यांच्या खेळपट्ट्यांना सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाई. पुष्कळदा त्यांसोबत पुस्तिका नसे, आणि पडद्यावरचा मजकूर इंग्रजीत असे. मराठी माध्यमाच्या मुलांच्या दृष्टीने नियम लिहिलेले असणे व नसणे यांत फारसा फरक नव्हता. ते थोरल्या भावंडांकडून व शेजाऱ्यांकडून कळत. काँट्रा या खेळात वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए ही बटणे क्रमाने दाबल्यास ३० जीव मिळतात. पडद्यावर कोठेही न दिलेली ही युक्ती तोंडोतोंडी पसरली. मात्र ज्याला सांगणारे कोणी नव्हते त्याच्या वाट्याला केवळ हार येई, ही बाब अशा खेळांच्या गौरवात सहसा सुटते.

लूडो आणि पैशांचे खेळ

लूडोत सोंगटी केवळ सहावर सुटते की एकावरही, हे घरोघरी वेगळे असते व डावापूर्वी ठरते. नवी मुंबईतील गेमेशन कंपनीच्या लूडो किंगसारख्या (२०१६) ॲपमध्ये असा तंटा उरत नाही. नियमबाह्य चाल स्वीकारलीच जात नाही. परंतु फासाही प्रोग्रॅमच टाकतो. सोंगटी कशी चालते हे समजावून सांगितले तरी फासा कसा पडतो हे खेळाडूस दिसत नाही. करमणुकीपुरते हे चालून जाते. पैसे लावल्यावर तोच सर्वांत महत्त्वाचा नियम ठरतो.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या एका लूडो ॲपविरुद्धच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये राज्य शासनाकडे उत्तर मागितले. लूडो फाशावर अवलंबून असल्याने तो नशिबाचा खेळ ठरवावा, अशी मागणी होती. १८८७ च्या जुगारविरोधी कायद्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले असल्यामुळे हा भेद महत्त्वाचा होता. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने कौशल्य वा नशीब असा भेद न करता पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली.