सुरक्षित विद्युत विलगीकरण

यंत्रात हात घालण्यापूर्वी त्याचा वीजपुरवठा तोडणे, तो कोणी परत जोडू नये अशी व्यवस्था करणे आणि वीज खरोखर गेल्याची चाचणी घेणे, या तिन्ही कृतींना मिळून विलगीकरण म्हणतात. औद्योगिक वसाहतींतील मेंटेनन्सची माणसे या पद्धतीला ‘लोटो’, म्हणजे लॉकआउट-टॅगआउट, म्हणतात.

स्टॉपचे बटण दाबले म्हणजे विलगीकरण झाले, असे नाही. बटणाने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा पुरवठा जोडणारा-तोडणारा स्विच, सुटतो. पण त्याचा एखादा संपर्क वितळून चिकटलेला असला, तर मोटर थांबूनही तिच्या टर्मिनलवर वीज राहते. म्हणून पुरवठा तोडणारा आयसोलेटर उघडून काम करणाऱ्याने त्याला स्वतःचे कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. चौघे काम करत असतील तर कुलपेही चार. पाळी बदलताना हे हमखास विसरले जाते. पुढची पायरी चाचणीची: टेस्टर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग तोडलेल्या लाइनवर लावायचा आणि शेवटी पुन्हा चालू लाइनवर. मधल्या मिनिटात टेस्टरच बिघडला असेल, तर ते तिसऱ्या वेळी उघड होते. कपॅसिटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) यांत पुरवठा तोडल्यावरही विद्युत प्रभार साठलेला असतो. डीजी (डिझेल जनरेटर) सेट किंवा छतावरचे सौर पॅनेल असेल, तर वीज उलट दिशेनेही येते. नुसता मेन स्विच पाडून भागत नाही.

कायद्याचा आधार विद्युत अधिनियम, 2003 हा आहे. त्याखालील केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम 2010 साली आले. त्यांची जागा 2023 च्या विनियमांनी घेतली. विद्युत निरीक्षकाची नेमणूक कलम 162 नुसार, तर अपघाताची सूचना कलम 161 नुसार होते. धोक्याच्या फलकावर हिंदी किंवा इंग्रजीबरोबर जिल्ह्याची भाषा, म्हणजे महाराष्ट्रात मराठी, आणि कवटीचे चिन्ह लागते. परप्रांतातून आलेल्या ठेक्यावरच्या कामगाराला अक्षरे लागली नाहीत तरी कवटी कळते. मात्र कोणता आयसोलेटर कोणत्या यंत्राचा, हे ती सांगत नाही. ते पॅनेलवरच्या पट्ट्यांवर लिहिलेले असते, आणि यंत्रे हलवली तरी पट्ट्या बऱ्याचदा जुन्याच राहतात.