१९५० च्या पुढची पानं

तर झालं असं की, दिवाळीनंतर मुरबाडहून मामेबहिणीचा फोन आला. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएचडी करते. विषय, मर्ढेकरांच्या लेखनावर त्यांच्या हयातीत झालेली समीक्षा. पहिलं प्रकरण सरांनी परत पाठवलं होतं. समासात शेरा होता, "हे दुसऱ्यांच्या पुस्तकातून घेतलेलं आहे. मूळ अंक पाहिलात का?" नोंदणीची मुदत एकदा वाढवून झालेली. आता जेमतेम वर्ष हातात.

"तू कॉम्प्युटरवाला ना? मग शोधून दे की."

म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! एका रविवारचं काम.

त्या रविवारी रात्री माझ्याकडे शून्य होतं. म्हणजे मर्ढेकरांवर नेटवर ढीगभर मजकूर आहे, पण बहुतेक सगळा नंतरच्यांनी लिहिलेला. ताईला हवं होतं ते १९४७ साली पुस्तक हातात पडल्यावर लोक काय म्हणाले ते. त्या वर्षी आलेल्या त्या संग्रहावर पुढे अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर निर्दोष सुटले, एवढं आपल्याला शाळेपासून ऐकून माहीत असतं. पण समीक्षक नेमकं काय म्हणाले? ते मासिकांत आहे. 'सत्यकथा', बडोद्याहून निघणारी 'अभिरुची' आणि अशी किती तरी.

माझी पहिली चूक तर चक्क अनुस्वाराची. मी शोधत होतो 'काही कविता'. पुस्तकावर छापलंय 'कांहीं कविता'. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. आपल्याला लिहिणं सोपं झालं, पण अक्षर न् अक्षर जुळवणाऱ्या शोधयंत्राला हे दोन वेगळे शब्द. त्यातून बरीचशी जुनी पुस्तकं म्हणजे पानांचे नुसते फोटो, शब्दाने शोधताच येत नाहीत. भारत सरकारच्या मदतीने उभं राहिलेलं डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया २०१६-१७ च्या सुमारास बंद पडलं. त्यातली पुष्कळ पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, पण नावं रोमन लिपीत, 'आ'साठी दोन ए आणि मधेच कुठेतरी एक अवतरणचिन्ह! मराठी माणूस असं कधी टाइप करेल का?

शोधगंगेने मात्र हात दिला. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यायचा नियम केला, त्यामुळे मराठीतले भरपूर प्रबंध तिथे आहेत. युनिकोडआधीच्या फॉन्टमधले प्रबंध कॉपी करायला गेलात तर हाती अगम्य चिन्हं येतात, ते सोडा. युक्ती अशी, की प्रबंध आधी शेवटून उघडायचा. संदर्भसूचीतच खरा माल असतो. बहुतेक सूच्यांत मला एकच नाव पुन्हा पुन्हा दिसायला लागलं. दाते.

शंकर गणेश दाते. या माणसाने १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची सूची केली. ती १९४३ साली आली. मग १९३८ ते १९५० चा दुसरा खंड, १९६१ साली. दोन्ही मिळून पंचवीस हजारांवर पुस्तकं. कॉम्प्युटर नाही, झेरॉक्स नाही. ग्रंथालयांतून हिंडायचं, पुस्तक बघायचं, नोंद करायची. आमच्या हपिसात एवढा डेटा गोळा करायचा म्हटलं तर आधी तीन महिने नुसत्या मीटिंगा होतील. आणि ताईच्या कामाची गोष्ट म्हणजे दात्यांच्या नावाच्या मंडळाने मराठी नियतकालिकांची आणि त्यांतल्या लेखांचीही सूची केली. १८०० ते १९५०.

तेव्हा गाठलं ठाणं. म्हणजे मी ठाण्यातच राहतो, गाठलं ते ताईने. मुरबाडला रेल्वे नाही. पहाटेची एसटी, कल्याण, तिथून लोकल. खरं तर कल्याणचं सार्वजनिक वाचनालयही १८६४ सालचं, तिच्या वाटेवरचंच. पण आम्ही सुरुवात केली ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयापासून. याच्यावरून मी कॉलेजात असताना शेकडो वेळा गेलोय. आत कधी गेलो नाही, हे कबूल करतो.

ते १८९३ साली काढलं विनायक लक्ष्मण भाव्यांनी. वय एकवीस! शिक्षण विज्ञानाचं, धंदा मिठाचा, आणि नाद जुन्या मराठी पोथ्यांचा. मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगणारं 'महाराष्ट्र सारस्वत' याच गृहस्थांचं. आधी निबंध म्हणून 'ग्रंथमाला' मासिकात आलं, मग पुस्तक झालं. मधल्या काळात महानुभावांच्या पोथ्या उलगडल्या. शेकडो वर्षं सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवलेल्या, म्हणजे आपल्या भाषेत एन्क्रिप्टेड. किल्ली मिळाली आणि कळलं की मराठी गद्याचा अख्खा खजिनाच इतिहासातून गळालाय. भाव्यांनी १९१९ च्या आवृत्तीत तो घातला. पुढे शं. गो. तुळपुळ्यांनी त्याच ग्रंथाला पुरवणी जोडली. हे मी ताईला उत्साहाने सांगत होतो. ती म्हणाली, "अरे, हे आम्हाला एम.ए.ला असतं. तू खंड काढ."

खंड काढले. दुपारपर्यंत वहीची चार पानं भरली. मासिक, महिना, पान. मी गुगलवर रविवार घालवला होता, इथे जाड पुठ्ठ्याच्या खंडांनी तीन तासांत काम केलं.

आणि मग ती थांबली. सूची १९५० ला संपते. मर्ढेकरांचा पुढचा कवितासंग्रह १९५१ चा. 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ चं, ज्याला १९५६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मार्चमध्ये ते वारले. म्हणजे ताईच्या विषयाचा जो सगळ्यात तापलेला काळ, तोच नेमका सूचीबाहेर. पुस्तकांची सूची शरद केशव साठ्यांनी पुढे चालवली, पण मासिकांतल्या लेखांची तशी सोय नाही. एकेका मासिकाच्या, एकेका लेखकाच्या सूच्या आहेत, त्या आपण जुळवायच्या.

सरांनी सोपा उपाय सुचवला. शीर्षकात '१९५० पर्यंत' एवढे शब्द घाला, सहा महिन्यांत मोकळ्या व्हाल. मला तो पटला होता. मुदत आहे, नोकरी आहे, घरी दोन मुलं. स्कोप कमी करणं हा आमच्या धंद्यात रोजचाच प्रकार. ताई म्हणाली, "म्हणजे दात्यांचं काम जिथे थांबलं तिथे मर्ढेकर पण थांबले, असं लिहू का?"

मी गप्प बसलो.

आता दर शनिवारी शाळा सुटली की ती किन्हवलीवरून एसटी धरते आणि रात्री आमच्याकडे उतरते. रविवार सुट्टीचा, तेव्हा ग्रंथालयाच्या वेळा जपून शाळेच्या रजा टाकते, कधी ठाणे, कधी दादरचं मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय. बांधीव अंक काढायचे आणि जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत पान न् पान उलटायचं. काही अंकांची पानं हाताला लागताच तुकडे होतात. तिथे ती कार्डबोर्डची पट्टी सरकवून पान उचलते, हे कोणी शिकवलं माहीत नाही. परीक्षणाखाली नुसती आद्याक्षरं असली की रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर ती कुणाची यावर चर्चा. माझी बायको, जिने आयुष्यात मर्ढेकर वाचले नव्हते, ती आता यात सगळ्यात पुढे.

माझ्याकडे एक्सेलचं काम. त्यावरूनही भांडण झालंच. ताईचं म्हणणं, छापलंय तसंच टाइप कर, अनुस्वारासकट. माझं म्हणणं, मग शोधताना सापडणार कसं? शेवटी दोन रकाने केले, एक छापील रूपाचा, एक आजच्या रूपाचा. काल रात्रीपर्यंत एकशे बारा नोंदी झाल्यात. १९५३ चा ऑगस्ट चालू आहे.