गांवची वार्ता आणि वृत्तपत्र

वृत्तपत्राची कीर्ति संपादकाच्या लेखणीवर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु लेखणी कितीहि समर्थ असली तरी तिला वार्ता पुरविणारा कोणी तरी लागतोच. मुंबई-पुण्यास बसलेल्या संपादकाला दूरच्या खेड्यांत काय घडलें हें कोणी व कसें कळवावें, आणि कळविलेलें त्यानें कितपत खरें मानावें, हा प्रश्न मराठी वृत्तपत्रांना जन्मापासून चिकटलेला आहे.

मराठी वृत्तपत्राचा आरंभ कोंकणच्या माणसानेंच केला. देवगड तालुक्यांतील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत ‘दर्पण’ काढलें. १८४१ सालीं भाऊ महाजनांचें ‘प्रभाकर’ निघालें. सरकारी चाकरींत असलेल्या गोपाळ हरि देशमुखांनीं १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या नांवानें त्यांत जीं पत्रें लिहिलीं, तीं ‘शतपत्रें’ म्हणून प्रसिद्धि पावलीं. स्वतःचें वृत्तपत्र नसतांहि केवळ संपादकाकडे पत्रें धाडून एक मनुष्य सर्व समाजास जागें करूं शकतो, हें त्यांनीं दाखवून दिलें.

टपालानें ही वाट अधिकच सोपी केली. १८५४ सालीं अंतराचा हिशेब न धरतां अर्ध्या आण्यांत पत्र जाऊं लागलें. १८७९ सालीं पाव आण्याचें कार्ड आलें. खाडीकांठच्या शेतकऱ्यासहि आपलें गाऱ्हाणें छापखान्यापर्यंत पोंचविणें परवडूं लागलें.

परंतु जी वाट खऱ्या वार्तेला मोकळी होते, तीच खोट्या वार्तेलाहि मोकळी होते. १८८१ सालीं ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं पत्रें सुरू झालीं. कोल्हापूरचे तरुण छत्रपति चौथे शिवाजी यांच्या छळासंबंधीं त्यांत कडक लेख आले. दिवाण माधवराव बर्वे यांच्या म्हणून दाखविल्या गेलेल्या कांहीं पत्रांवर संपादकांनीं विश्वास ठेविला होता. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि तीं पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं माफी मागितली. तरीहि जुलै १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकीं १०१ दिवस त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत काढले. हेतु शुद्ध होता, धैर्यहि होतें. उणीव राहिली ती पुराव्याच्या पारखेची. वार्ता आणून देणारा पडद्याआड राहतो आणि छापणाऱ्याच्या हातीं बेड्या पडतात, हा धडा मराठी वृत्तपत्रसृष्टीनें असा मोल देऊन घेतला.

आतां मसुऱ्याकडे पाहावें. मालवण तालुक्यांतील हें गांव गड नदीच्या खाडीकांठीं, भरतगडाच्या आश्रयास वसलेलें आहे. याच गांवच्या आंगणेवाडींत भराडी देवीची यात्रा भरते. या यात्रेचा दिवस पंचांगांतील एखाद्या तिथीस बांधलेला नाहीं. तो देवीचा कौल घेऊन ठरतो. म्हणून दिवस ठरला, हीच एक मोठी वार्ता होऊन बसते. मुंबईचे चाकरमानी तिची वाट पाहत असतात. कोंकण रेल्वे १९९८ पासून सर्व मार्गानें धांवूं लागली. दिवस कळतांच तिच्या तिकिटांसाठीं धांदल उडते.

पूर्वीं अशी वार्ता टपालानें किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडीं मुंबईस जात असे. आज गांवांतला तरुण हातांतल्या मोबाइलवरून व्हॉट्सॲपनें वा फेसबुकावरून बातमीदारास ती क्षणांत कळवितो. पाव आण्याच्या कार्डाचें काम आतां याच साधनांकडे आलें आहे. परंतु कौल होण्यापूर्वींच कोणी अंदाजाची तारीख पुढें धाडली आणि बातमीदारानें ती तशीच छापली, तर कित्येक कुटुंबांची रजा व तिकिटें फुकट जावयाचीं. मग पुढच्या वर्षीं खरी वार्ता आली तरी लोक तिच्याकडे संशयानेंच पाहणार.

यासाठीं कळविणाऱ्यानें आपण कोण, वार्ता कोणाकडून ऐकली व केव्हां, हें आधीं स्पष्ट सांगावें. थोडक्यांत व नेमकें सांगावें. ऐकीव तें ऐकीव म्हणावें. घेणाऱ्यानें गांवच्या मानकऱ्यांना विचारूनच ती छापावी. साधन कार्डाचें असो वा मोबाइलचें, वार्तेचें मोल ती किती लौकर आली यावर ठरत नाहीं. ती खरी म्हणून कोणी हमी घेतली यावरच ठरतें.