प्वारो, एर्क्यूल

इंग्रजी रहस्यकथेतील एक विख्यात शोधक. अ‍ॅगाथा क्रिस्टी (१५ सप्टेंबर १८९०–१२ जानेवारी १९७६) ह्या इंग्रज लेखिकेच्या ३३ कादंबऱ्या आणि ५० हून अधिक कथा ह्यांचा तो नायक होय. जन्माने बेल्जियन, पेशाने ब्रूसेल्सच्या पोलीसदलातील निवृत्त अधिकारी आणि परिस्थितीने इंग्लंडच्या आश्रयाला आलेला निर्वासित, असे त्याचे मूळ रूप आहे. त्याच्या टोकदार मिशा, टापटिपीचे वेड आणि स्वतःच्या बुद्धीविषयीचा अभिमान सर्वांच्या लक्षात राहतो. तो निर्वासित आहे, ह्याचा मात्र वाचकाला सहसा विसर पडतो. वास्तविक ह्या व्यक्तिरेखेचा उगम पहिल्या महायुद्धातील एका मोठ्या मानवी स्थलांतरात आहे.

४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले. लूव्हाँचे ग्रंथालय जाळले गेले, नागरिकांच्या कत्तली झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये अँटवर्प पडले. दहा लाखांहून अधिक बेल्जियनांनी देश सोडला, त्यांपैकी सु. २,५०,००० ब्रिटनमध्ये आले. तोवर ब्रिटनने निर्वासितांचा एवढा मोठा ओघ एका वेळी कधीच पाहिला नव्हता. त्यांच्या व्यवस्थेचा भार बऱ्याच अंशी गावोगावच्या स्वयंसेवी समित्यांनी उचलला. बेल्जियमच्या तटस्थतेसाठी ब्रिटन युद्धात उतरले असल्यामुळे प्रारंभीचे स्वागत उत्साहाचे होते. पण युद्ध लांबले, तशी घरांची टंचाई व कामधंद्यातील स्पर्धा ह्यांमुळे कुरबुरी सुरू झाल्या. अनेक बेल्जियन दारूगोळ्याच्या कारखान्यांत लागले. ईशान्य इंग्लंडमधील बर्टली येथे त्यांच्यासाठी एलिझाबेथव्हिल ही स्वतंत्र वसाहतच उभी राहिली. तेथे बंदोबस्ताला पोलीसही बेल्जियनच होते. युद्धानंतर सरकारने ठरावीक मुदतीपुरता परतीचा प्रवास मोफत केला आणि बहुसंख्य निर्वासित १९१९ च्या अखेरीपर्यंत मायदेशी परतले.

डेव्हन परगण्यातील टॉर्की ह्या क्रिस्टी ह्यांच्या गावीही अशी मंडळी आली होती. क्रिस्टी तेथील युद्धरुग्णालयात प्रथम परिचारिका म्हणून व नंतर औषधालयात काम करीत होत्या. विषारी द्रव्यांची त्यांची माहिती ह्याच औषधालयातली. १९१६ च्या सुमारास त्यांनी पहिली रहस्यकथा लिहावयास घेतली, तेव्हा शेरलॉक होम्सहून वेगळा शोधक त्यांना हवा होता. गावातील बेल्जियनांवरून निर्वासित पोलीस अधिकाऱ्याची कल्पना सुचली, असे त्यांनी आत्मचरित्रात (१९७७) नमूद केले आहे. परदेशी शोधक इंग्रजी कथेला सर्वस्वी नवा नव्हता. रॉबर्ट बार ह्यांचा लंडनवासी फ्रेंच शोधक यूजीन व्हॅल्माँ १९०६ मध्येच अवतरला होता. पण व्हॅल्माँ नोकरीतून काढला गेल्यामुळे लंडनला आलेला. प्वारोला युद्धाने आणले.

द मिस्टीरिअस अफेअर ॲट स्टाइल्स ही कादंबरी अनेक प्रकाशकांनी नाकारल्यानंतर १९२० मध्ये प्रथम अमेरिकेत व १९२१ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये निघाली. लेखिकेच्या पदरात अवघे २५ पौंड पडले. मुळात रहस्याचा उलगडा न्यायालयातील साक्षीच्या रूपाने होता. प्रकाशकाच्या सूचनेवरून तो दिवाणखान्यात जमलेल्या मंडळींसमोर आणण्यात आला. ह्या तडजोडीतूनच पुढे शेकडो लेखकांनी गिरविलेला साचा तयार झाला. कथेत श्रीमती इंगलथॉर्प ही सधन वृद्धा प्वारो व त्याचे देशबांधव ह्यांना गावात राहावयास घर देते. तिचाच स्ट्रिक्‌निनाने मृत्यू होतो आणि आश्रिताला उपकार फेडण्याची संधी मिळते. येथे तो फीसाठी काम करीत नाही. व्यावसायिक सल्लागार तो त्यानंतर झाला आणि १९२३ पासून द स्केच ह्या साप्ताहिकातील कथांनी त्याला लोकप्रियता दिली. गंमत अशी, की पहिले पुस्तक छापून आले, तोवर खऱ्या निर्वासितांची पाठवणी झालीही होती. प्वारो मात्र राहिला, आणि तो का राहिला ह्याचे स्पष्टीकरण क्रिस्टी ह्यांनी फारसे दिले नाही.

परकेपणाचा वापर हे ह्या कथामालेचे खरे मर्म मानले पाहिजे. इंग्रज पात्रे त्याला वारंवार फ्रेंच समजतात आणि तो प्रत्येक वेळी दुरुस्ती करतो. द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड (१९२६) मध्ये तो भोपळ्याच्या जातीची एक भाजी पिकवण्यासाठी खेड्यात येऊन राहतो, तेव्हा त्याच्या मिशांवरून शेजारचा डॉक्टर त्याला निवृत्त केशकर्तक ठरवून मोकळा होतो. थ्री ॲक्ट ट्रॅजेडी (१९३५) मध्ये तो स्वतःच कबुली देतो, की आपल्याला चांगले इंग्रजी येते. पण मोडके बोलल्याने लोक तुच्छ लेखतात व बेसावध राहतात. आश्रयदात्या समाजाचा तुच्छभाव असा त्याच्याच विरुद्ध साधन बनतो. तथापि क्रिस्टी ह्यांना पूर्वग्रहांतून सर्वस्वी मुक्त मानता येणार नाही. त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांतील ज्यू पात्रांची चित्रणे आज खटकतात.

निवृत्त माणूस नायक केल्याचा क्रिस्टी ह्यांना पुढे पश्चात्ताप झाला, कारण हिशोबाने त्याचे वय शंभराच्या पुढे जात होते. मिसेस मगिंटीज डेड (१९५२) व इतर काही कादंबऱ्यांत ॲरिअ‍ॅडनी ऑलिव्हर ही लेखिका येते. आपल्या फिनिश शोधकाला ती कंटाळली आहे आणि फिनलंडची तिला काहीच माहिती नाही. ही स्वतःचीच थट्टा होय. क्रिस्टी ह्यांची दुसरी वृद्ध शोधक मिस मार्पल (प्रथम दर्शन १९२७) हिचे बळ नेमके उलट, म्हणजे स्वतःच्या खेड्याच्या संपूर्ण परिचयात आहे. ए कॅरिबियन मिस्ट्री (१९६४) मध्ये परमुलखात गेल्यावरही ती त्या खेड्याचेच दाखले देते.

प्वारोचा शेवट सांगणारी कर्टन ही कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून कुलुपबंद ठेवली होती. ती १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वर्षी ६ ऑगस्टला द न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर त्याची मृत्युवार्ता छापली. कादंबरीचे स्थळ पुन्हा स्टाइल्सच आहे. आता तेथे पैसे घेऊन पाहुणे ठेवले जातात, आणि संधिवाताने जखडलेला प्वारो त्यांपैकी एक आहे.