डासाच्या पोटातले चार दरवाजे

लोहगड चढताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे लागतात. पहिला पडला म्हणून गड पडत नाही. मावळात राहून डासांच्या संशोधनाचा इतिहास वाचताना मला ही रचना वारंवार आठवते. डासाच्या शरीरात विषाणूलाही असेच चार अडथळे पार करावे लागतात.

या इतिहासाची सुरुवात पोटापासूनच झाली. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचा परोपजीवी वाढताना दिसला. डास म्हणजे नुसती उडती सुई नव्हे, हे त्यातून उमगलं. विषाणूचंही तसंच. रक्ताबरोबर आलेला विषाणू आधी आतड्याच्या पेशीत शिरतो, तिथे वाढून बाहेर पडतो, मग लाळग्रंथीत शिरतो आणि शेवटी लाळेत उतरतो. डासाची मादीही स्वस्थ बसत नाही. तिच्या पेशी विषाणूचा आरएनए ओळखून त्याचे तुकडे करतात. आतड्यातले जिवाणू कधी विषाणूची वाट अडवतात, कधी मोकळी करतात. म्हणूनच रोग्याचं रक्त प्यालेली प्रत्येक मादी रोग पसरवतेच असं नाही.

पुण्यात १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९७३ साली बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली. त्यानंतर तीन दशकं हा रोग जवळपास विस्मरणात गेला आणि २००५-०६ मध्ये परतला, तेव्हा महाराष्ट्रातल्या गावोगावी माणसांचे सांधे धरले. वाहक होता रांजणा-हौदात वाढणारा एडिस इजिप्ती.

त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर विषाणूच्या ई-१ प्रथिनात २२६व्या जागी अलानिनऐवजी व्हॅलिन आलं. बदल एवढासाच, पण त्यामुळे दुसऱ्या एका डासाच्या, एडिस अल्बोपिक्टसच्या, आतड्यात शिरणं विषाणूला फार सोपं झालं. पहिलाच दरवाजा सैल पडला! २००७ मध्ये केरळातही हा बदल आढळला.

हा पट्टेरी डास झाडीतला. झाडाची ढोली, बांबूचं पेर, टाकलेली करवंटी, कुंडीखालची बशी, एवढं पाणी त्याला पुरतं. आमच्या लोणावळ्यात पावसाळाभर या गोष्टींना तोटा नाही. त्यात कितीतरी बंगले सोमवार ते शुक्रवार बंद. एडिसची अंडी कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात आणि पाणी लागल्यावर उबदार हवेत आठवड्या-दहा दिवसांत डास उडू लागतो.

डासाच्या पोटातले दरवाजे आपल्या हाती नाहीत आणि विषाणू त्यांच्या किल्ल्या बदलत राहणार. त्याआधीचा, अंगणातला दरवाजा मात्र आपला आहे. बंद बंगल्याच्या माळ्याने दर आठवड्याला कुंड्यांखालच्या बश्या उपड्या केल्या, घासून कोरड्या केल्या, तर तो राखला जातो. सव्वाशे वर्षांच्या संशोधनाने हे साधं काम मोडीत काढलेलं नाही. ते का करायचं, एवढं नेमकं सांगितलं आहे.